बी साइडचे शेवटचे चाळीस सेकंद

शिरवणे एमआयडीसी, नेरूळ
सोमवार, २२ नोव्हेंबर १९९९

भाविका बाय,

तुला नमस्कार. ईश्वरीला पापा, ती आता धावायला लागली असेल. कान्हाभावजींनाही माझा नमस्कार सांग. सांगायचा की नाही, ते पत्र पूर्ण वाचून ठरव.

हे पत्र मी गणपतीत लिहायला घेतलं होतं. पोस्टातून निळं आंतर्देशीय आणलं, मागे तुझा जासईचा पत्ता घातला आणि ते तिथंच ठेवून चहाला गेलो. परत येतो तर ऋषीनं त्याच्यावर ड्रमच्या नटांची मापं लिहून ठेवलेली. दुसरं दसऱ्याला आणलं. त्यात ‘प्रिय बाय’ लिहून झालं आणि पुढे काही येईना. तिसऱ्याचं काय झालं ते मलाच आठवत नाही. म्हणून आज फुलस्केप कागद घेऊन बसलोय. जागा संपली, हे कारण मलाच देता येऊ नये. ‘बिझी होतो’ असं लिहिणार होतो. टाळत होतो, असं लिहितो. सुरुवात तिथून झाली तर पुढचं जमेल.

पहिली बातमी ही की मी गोव्यात नाही. गोव्यात वर्षभर होतो, मग कोल्हापूरला एका साऊंड सिस्टिमवाल्याबरोबर, मग पुण्यात चार महिने काहीच नाही. होळीपासून इथंच आहे, ऋषीच्या वडलांच्या गाळ्यावर. ऋषी म्हणजे आमचा ड्रमर, चष्मेवाला, तुझ्या हळदीला तीन वेळा जेवला होता तो. त्याचे वडील खाली लोखंडी खुर्च्यांना पावडर कोटिंग करतात आणि वर माळ्यावर मी राहतो. ज्या रंगाची ऑर्डर असेल त्या रंगाची धूळ माझ्या उशीवर असते. गेल्या आठवड्यात शाळेच्या खुर्च्या होत्या, मी सात दिवस निळा होतो.

हा गाळा आपल्या दारापासून चालत दहा मिनिटं आहे. मी स्टेशनला जाताना गावातून जात नाही, कंपन्यांच्या मागून जातो, तिकडून वीस लागतात. आतेला कळलेलं असणारच, शिरवण्यात कुणाला काय कळत नाही? पण ती आली नाही आणि मी गेलो नाही. तू म्हणशील, मेल्या, आईसारखं वाढवलं त्या बाईनं तुला, दहा मिनिटांवर राहतोस आणि मला जासईला पत्र लिहितोस? हो. जे तोंडानं होत नाही ते आधी हातानं करून बघतोय.

दुसरी बातमी चांगली आहे. आमचा अल्बम तयार झाला. कॅसेट! अल्बमचं नाव ‘खाजण’. बँडचं नाव ‘गावठाण’. नाव मी ठेवलं. निशांत आधी नाही म्हणत होता. निशांत गिटार वाजवतो, नेरूळला सेक्टरात फ्लॅटमध्ये राहतो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. तो म्हणाला, “गावठाण काय अरे? लोक आपल्याला लावणीवाले समजतील.” मी म्हटलं, तुझ्या बिल्डिंगखाली आमची भातशेती होती, एवढं नाव तरी राहू दे. मग तयार झाला.

आम्ही वाजवतो त्याला तो मेटलकोर म्हणतो. अमेरिकेतल्या त्याच्या मावसभावानं कॅसेटी पाठवल्या होत्या, त्यातून आम्ही शिकलो. तुला कसं सांगू? हळदीला बेंजो पार्टी जोरात चाललेली असते, मध्येच सगळं बंद पडतं, आणि मग सगळे ढोल एकदम एकाच ठोक्यावर येतात, छातीत धस्स होतं, आठवतंय? आमच्यात तोच ठोका हळू होतो, जड होतो आणि परत परत पडतो. त्याच्यावर मी ओरडतो. निम्मे शब्द निशांतचे इंग्रजी आहेत. निम्मे मी आपल्या बोलीतच ओरडलोय. शब्द कुणाला कळतच नाहीत, मग आपलेच का नको?

स्टुडिओ तुर्भ्याला मिळाला. तिथं भजनांच्या आणि कोळीगीतांच्या कॅसेटी होतात. रेकॉर्डिस्ट मधुकर म्हणून आहेत, पन्नाशीचे, कपाळाला अष्टगंध, आयुष्यभर टाळ-मृदंग रेकॉर्ड केलेला माणूस. पहिल्या दिवशी निशांतनं गिटारच्या तारांवर एक फटका मारला आणि ते काचेच्या मागून धावत बाहेर आले.

“बंद कर, बंद कर! फाटतंय!”

“काका, ते फाटायलाच पाहिजे.”

“असं कसं? वायर बदल. माझ्याकडे आहे.”

त्यांनी खरंच वायर बदलली. तरी फाटलं. मग त्यांनी अॅम्प बदलला. तरी फाटलं. दुपारपर्यंत ते त्या आवाजावर उपचार करत होते. शेवटी मी काचेच्या आत गेलो आणि मोठ्यानं एक आरोळी दिली. ते माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “तुझी पण वायर बदलू का?” तिसऱ्या दिवशी मात्र तेच सांगायला लागले, “इथं अजून थोडं फाडा रे, मऊ वाटतंय.”

पहिले दोन दिवस माझ्या थुंकीतून रक्त आलं. ऋषी म्हणाला, तू आता मुका होणार. तेव्हा मला आते आठवली. मी सहा वर्षांचा असेन. ती लग्नांना धवले गायला जायची आणि मला पानाचा डबा सांभाळायला बरोबर न्यायची. मांडव घालण्यापासून वरात निघेपर्यंत ती गायची, मध्ये फक्त चहा. बाकीच्या बायांचे गळे बसायचे, तिचा नाही. मी एकदा नक्कल करून किंचाळलो तर तिनं माझ्या पोटावर तळवा ठेवला. म्हणाली, “गल्यातून नको रं वरडू. बेंबीपासून घे.” तिसऱ्या दिवशी स्टुडिओत मी स्वतःच्याच पोटावर हात ठेवून उभा राहिलो. पाच गाणी एका दमात झाली, रक्त नाही, काही नाही. मधुकरकाकांनी विचारलं, हे कुणाकडे शिकलास? मी म्हटलं, आमच्या गावची धवलारीण.

आतेचा विषय निघालाच आहे तर...

पण त्याआधी खाडीतल्या पक्ष्यांचं सांगतो. ते गुलाबी लांब पायांचे यंदा लवकर आलेत. परवा नेरूळच्या मागे बांधावर मी तासभर बसलो होतो. ते चिखलात डोकं उलटं घालून खातात. सगळं जग सरळ दिसत असताना हे उलट्या डोक्यानं जेवतात आणि त्यांना काही वाटत नाही...

बाय, हे मी पक्ष्यांचं का लिहितोय ते तुला कळलं असेल. आज एवढंच जमलं. कागद उशीखाली ठेवतो, ऋषीला सापडू नये.

बुधवार

आज भट्टी बंद आहे, गॅस आला नाही, म्हणून खाली शांतता आहे. मघाशी ऋषी पोस्टर चिकटवून आला. रविवारी, २८ तारखेला संध्याकाळी पाच वाजता कॅसेटचं प्रकाशन आहे, निशांतच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. निशांतचे वडील दिनानाथकाका सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांनी कमिटीकडे अर्ज केलाय ‘तरुणांचा वाद्यवृंद’ म्हणून. कमिटीतल्या एका आजोबांनी जुनी भावगीतं होतील का असं विचारलंय. दिनानाथकाका म्हणाले, “होतील की, फक्त थोडी नव्या चालीत.” रविवारी त्या आजोबांचं काय होणार आहे देव जाणे.

तर ऋषीनं स्टेशनवर, कॉलेजवर, सगळीकडे पोस्टर लावली. दोन उरली तर ती एपीएमसी मार्केटला कांदा-बटाट्याच्या गेटवर लावून आला. का? तर खळ उरली होती म्हणून. निशांत म्हणाला, “म्हणजे आता हमाल येणार मेटल ऐकायला.” आम्ही खूप हसलो. पण पोस्टरवर खाली एक ओळ आहे. ती मी हट्टानं टाकलीय. ‘आणि आवाज : जाईबाई, शिरवणे.’

तुझी आई. माझी आते. हो.

आता सांगतो. मध्ये थांबणार नाही.

आमचं एक गाणं आहे, अल्बममधलं शेवटचं. त्याची ट्यून निशांतला तुझ्या लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी सुचली होती आणि ती आम्ही तेव्हाच, परत परत वाजवत, एका कॅसेटच्या दोन्ही बाजूंना घेतली होती. मध्ये सगळं मोडलं, मी निघून गेलो, ती ट्यून निशांत विसरला. आता अल्बमच्या वेळी तो म्हणाला, ती मिळाली असती तर! मी पिशवीतून ती कॅसेट काढून दिली. इतकी वर्षं ती माझ्याबरोबरच फिरली. गोवा, कोल्हापूर, पुणे. मधुकरकाकांनी ती मोठ्या स्पीकरवर लावली. निशांतनं ट्यून उचलली, सगळे खूश, चहा प्यायला बाहेर गेले. कॅसेट बंद करायची राहिली. मला धावत जाऊन बंद करायची होती, मी केली नाही.

बी साइडला आमचा धिंगाणा संपतो. मग बटण उठल्याचा ‘खट्’ आवाज. आणि मग आते.

मधूनच. ओळीच्या मधूनच ती सुरू होते, कारण तिच्या आधीचं सगळं गेलेलं आहे. चाळीस सेकंद. मागे तिची ओळ उचलणाऱ्या बायांची झेल आहे, कुणाच्या तरी बांगड्या आहेत, लांब एक कुत्रं आहे. दोनदा ती तुझं नाव घेते. दुसऱ्यांदा ‘भाविका’ म्हणते, शेवटचा आ लांबवत वर नेते आणि तिथं टेप संपते.

मधुकरकाका दारात चहाचा ग्लास घेऊन उभे होते. म्हणाले, “ही बाई कोण?” मी कॅसेट काढून हातात घेतली. ते म्हणाले, “एवढ्या वर चढली आणि कुठं फाटलं नाही बघ.”

बाय, ती तुझ्या लग्नाची कॅसेट आहे. बाळूमामाच्या टू-इन-वनवर मांडवात भरलेली. ज्या कॅसेटसाठी आपण माळा उतरवला, गाद्या उसवल्या, तांदळाच्या पिंपात हात घातले, ती. तुझ्या लग्नाचा व्हिडिओ आहे, पण व्हिडिओवाल्यानं सगळीकडे सिनेमाची गाणी चढवलीत. त्यात आतेचं तोंड हलतं आणि आवाज भलत्याच बाईचा येतो. खरा आवाज या एकाच कॅसेटवर होता, दोन्ही बाजूंना मिळून दीड तास. त्यातला आता चाळीस सेकंद आहे.

आमची ट्यून चुकून त्याच्यावर भरली गेली.

निशांतला आणि ऋषीला मी एवढंच सांगितलं की ही माझी आते, तिचा आवाज शेवटी ठेवू या. त्यांना काय, आनंदच झाला. निशांतनं विचारलं, “परवानगी घेतलीस ना त्यांची?” मी म्हटलं, “हो रे, घरचीच आहे.” ते ‘खट्’ पण मी ठेवायला लावलं. मधुकरकाका ते कापायला बसले होते. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काका, ते कापू नका, अल्बम असाच संपू दे. म्हणजे आमचा सगळा आवाज, मग खट्, मग ती.

ऋषी हाक मारतोय. गॅस आला वाटतं. पुढचं शुक्रवारी लिहितो.

शुक्रवार

आज एमआयडीसीला सुट्टी. शुक्रवारी इथं कुणी नसतं, भट्ट्या बंद, ट्रक बंद, कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपतात. म्हणून आम्ही नेहमी शुक्रवारी प्रॅक्टिस करतो. निशांत आणि ऋषी अकराला येणार आहेत. आता साडेनऊ झालेत. त्याच्या आत हे संपवायचंच.

बुधवारचं परत वाचलं. एक शब्द खोटा आहे. ‘चुकून.’

कॅसेटवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकतात, तुला माहितीये. ते तूच मोडले होतेस. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सासरी निघायच्या आधी, केसातल्या पिनेनं. मी शेजारी बसलो होतो. तू म्हणालीस, “आता कुनी काय केलं तरी आईचा आवाज जायाचा नाय.” मोडलेल्या कॅसेटवर परत भरायचं असलं तर त्या भोकांवर चिकटपट्टी लावावी लागते. मी लावली. दोन्ही भोकांवर. नखानं दाबून. निशांतला ट्यून सुचली होती, रिकामी कॅसेट नव्हती, आणि ही माझ्या खिशात होती. पट्टी लावताना मला स्वच्छ माहीत होतं मी काय करतोय.

आणि तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही, हे सगळ्यात वाईट आहे. मला वाटलं, आतेचं काय, ती उद्या परत गाईल. महिन्याला चार लग्नं असतात. तिचा आवाज म्हणजे काय, घरातला माठ. कधीही जा, भरलेला. ट्यून मात्र पळून जाईल. आठ महिन्यांनी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गाठ निघाली, बाई वाचली, आवाज परत येईल असं सांगता येत नाही. आला नाही. फक्त वाऱ्यासारखं बोलते आता. त्या फेब्रुवारीत ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिनं तुला जवळ बोलावून सांगितलं, “ती कॅसेट लाव गं. मना येकदा माजाच आवाज आयकायचा हाय.”

मग शोधाशोध.

आता जे राहिलंय ते. यासाठीच तीन आंतर्देशीयं वाया गेली.

कान्हाभावजींनी ती कॅसेट हरवली नाही. लग्नानंतर त्यांनी ती टेंपोत ऐकायला नेली होती, खरं आहे. पण आठव्या दिवशी त्यांनी ती परत आणली. आते घरी नव्हती. तलावाजवळ मी भेटलो, तर त्यांनी ती रुमालातून सोडवून माझ्या हातात दिली. म्हणाले, “धन्या, सासूबाईंना दे, संभालून.” ते सगळ्यांसमोर हेच सांगत होते ना, “मी तं धन्याच्या हातान दिली व्हती”? आणि सगळे माझ्याकडे वळले. तू पण वळलीस. आते पण. मी म्हटलं, “मला नाही दिली.”

तीन शब्द. त्यावर तू माझ्यावर विश्वास ठेवलास, नवऱ्यावर नाही. म्हणालीस, हा आमच्या घरात वाढलाय, हा खोटं कशाला बोलेल? भावजींनी टोपी उचलली आणि गेले. तेव्हापासून आते त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. जासईला तुझ्याकडे यायचं तर ती एसटीनं येते, त्यांचा टेंपो रोज शिरवण्यावरून मार्केटला जातो तरी. ईश्वरीच्या बारशाला ती त्यांच्या हातचं पाणी प्यायली नाही, हे मला गोव्यात कळलं. बाळूमामानं फोनवर हसत हसत सांगितलं होतं. मी फोन ठेवून दिला होता.

चौथ्या दिवशी मी गोव्याला पळालो. लोकांना वाटलं पोरगं संगीतासाठी गेलं. संगीतासाठी कुणी असं तोंड लपवून जातं का?

भावजींनी मला कधीच पकडलं नाही, हे बघ. त्यांना माहीत होतं. गेल्या चैत्रात ते मला मार्केटजवळ दिसले. टेंपोतून कोथिंबीर उतरवत होते. आमची नजर भेटली. शिवी देतील म्हणून मी थांबलो. ते म्हणाले, “काय रं, जेवलास का?” बस. मी तिथून जो निघालो तो चालत सानपाड्यापर्यंत गेलो.

आता काय ठरवलंय ते लिहितो. हे ठरलेलं आहे, तुझं मत विचारत नाही, राग मानू नकोस.

काल निशांतला आणि ऋषीला बसवून सगळं सांगितलं. चिकटपट्टीचंही. ऋषी चष्मा पुसत बसला. निशांत बराच वेळ गिटारची तार लावत होता, ती लागलेलीच होती. मग म्हणाला, “पण त्या दिवशी मी तिथंच होतो, धन्या. ट्यून माझी होती. मी विचारायला पाहिजे होतं ही कसली कॅसेट.” मी म्हटलं, तू विचारलं असतंस तर मी खोटंच सांगितलं असतं. त्यांनी कबूल केलंय. उद्या शनिवारी सकाळी मी एकटा घरी जाणार. टेप घेऊन. आतेसमोर बसून आधी सांगणार. पट्टी, भावजी, सगळं, याच क्रमानं. मग विचारणार. तिनं मान हलवून नाही म्हटलं तर तीनशे कॅसेटींचे खोके बांधलेले राहतील, रविवारी हॉलवर आम्ही नुसतं वाजवू आणि ते शेवटचं गाणं खट् वर थांबवू. ती हो म्हणाली तरच खोके उघडायचे. आणि हो म्हणो, नाही म्हणो, तिथून मी सरळ जासईला येणार, तुझ्या उंबऱ्यावर उभा राहून भावजींची माफी मागणार. आलो की शेजारपाजार जमव. खोटं चारचौघांत बोललो, खरंही चारचौघांतच बोलायला हवं.

मला हा अल्बम बाहेर यायला हवाय, बाय. किती हवाय ते तुला सांगता येणार नाही. शाळा सोडली, आयटीआय सोडलं, गोवा सोडलं, आयुष्यात ही एकच गोष्ट मी शेवटपर्यंत नेली. रोज सकाळी उठून खोक्याला हात लावून बघतो, आहे ना. पण तिचा आवाज दुसऱ्यांदा तिला न विचारता वापरून तो येणार असेल तर नको. एकदा वापरला तेवढा पुरे.

तुलाही विचारायला हवं, कारण नाव तुझं आहे त्यात. दोनदा. तुझ्या आईच्या तोंडून. तू ऐकलंस की

थांब. खाली गाडी वाजतेय.

शुक्रवारी इथं गाडी येत नाही. निशांत स्कूटरवर येतो, आणि अजून दहाही वाजले नाहीत.

बाय, टेंपो आहे. काचेवर लाल अक्षरात ‘ईश्वरी’ लिहिलंय. भावजी उतरलेत. वर बघत नाहीत. पुढून वळसा घालून पलीकडचं दार उघडायला गेलेत.

पुढच्या सीटवर आते बसलीय.

टेंपोत. त्यांच्या शेजारच्या सीटवर. डोक्यावरून पदर, मांडीवर काहीतरी घडी केलेलं धरलंय. आता उलगडतेय. पोस्टर आहे, एका कोपऱ्याला कांद्याची साल चिकटलीय. मार्केटच्या गेटवरचं. भावजींनी वाचलं असणार, ‘जाईबाई, शिरवणे’, आणि काढून तिच्याकडे नेलं असणार. त्यांनी अजून काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. सांगायला लागलंच नसेल. तिचा आवाज माझ्याकडे आहे म्हणजे कॅसेट कुणाकडे होती, हे कळायला वाचता यावं लागत नाही. ती त्या सीटवर बसलीय, म्हणजे तिला कळलंय.

भावजी हाक मारतायत. “धन्या, खाली ये रं. आतेना जिना चरवत नाय.”

तिनं वर बघितलं. मला बघितलं. हात केला नाही, मान फिरवली नाही. नुसती बघतेय.

उद्या सकाळी जाणार होतो. आता जातो. टेप घेतलाय, कॅसेट घेतलीय, पट्टीसकट जुनी ती पण घेतलीय. तिला सगळं कळलेलं असलं तरी माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी बटण दाबू देणार नाही. आधी मी बोलणार, भावजींसमोर. मग मशीन तिच्या मांडीवर ठेवणार. बोट तिचं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. दुपारी भावजी जासईला परत निघतील, तेव्हा घडी करून त्यांच्या हातात देणार आहे. साडेतीन वर्षांपूर्वी त्यांनी विश्वासानं एक वस्तू माझ्या हातात दिली होती आणि ती पोचली नाही. ही माझी वस्तू त्यांच्या हातून तुझ्याकडे पोचेल, त्यात मला शंका नाही. पोचली की आधी त्यांना पाणी दे, मग वाच.

त्यांच्याशी खोटं वागलेला आणि आता जिना उतरणारा,
तुझा भाऊ,
धनेश